चिंध्यांचा पत्ता

प्रिय टाचणी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवणार असशील तर ठेव, पण फाडू नकोस. दीड वर्षापूर्वी तू मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचं उत्तर लिहायला मी आज बसले आहे. दुकान बंद ठेवलंय. शेजारचा घड्याळवाला दोनदा काचेतून डोकावून गेला, म्हातारी आहे की गेली ते बघायला.

आधी इथलं सांगते, म्हणजे हात जरा सैल होईल. तुझं मशीन खिडकीशीच आहे. मी त्यावर बसत नाही, पण तेल दर महिन्याला घालते. गुडघा कुरकुरतो, चष्म्याचा नंबर वाढलाय, सुईत दोरा ओवताना मला आता कुणी बघू नये असं वाटतं. गिऱ्हाइकं तुझी चौकशी करतात आणि मी 'मजेत आहे' म्हणून मोकळी होते. तू मजेत आहेस की नाही हे मला कुठे ठाऊक होतं? एकदोघींना तर मी असंही सांगितलं की पोरगी साध्या चार ओळी लिहीत नाही. ते आठवलं की आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

कपडे बेतायचे कागदी नमुने देणाऱ्या त्या वेबसाइटी आठवतात ना? साध्या कॉलरचा कागद छापून घ्यायचा तरी आधी नाव सांगा, ईमेल सांगा, जन्मतारीख सांगा. मी आपली भोळेपणाने सगळीकडे खरा पत्ता देत सुटले आणि रोज ढिगानं जाहिराती यायला लागल्या. बटणवाले, लोकरवाले, वजन उतरवून देणारे. त्या गर्दीत एका नवरीचा मेल गाडला गेला, लग्न आठवडाभर अलीकडे आल्याचा, आणि आपण दोघींनी तीन दिवस मान वर न करता तिचा ड्रेस पुरा केला. शेवटचं बटण लावल्यावर तू माझी चांगली खरडपट्टी काढलीस आणि मला दुसरा ईमेल पत्ता उघडून दिलास. खरा पत्ता खऱ्या माणसांना द्यायचा आणि नोंदणीचा हट्ट धरणाऱ्यांना हा. नोंदणी पक्की करायचं बटण दाबण्यापुरतं तिथे जायचं, बाकी ढुंकून बघायचं नाही. बेतायच्या टेबलाखाली आपलं चिंध्यांचं पोतं असतं, त्यावरून तू त्याला चिंध्यांचा पत्ता म्हणायला लागलीस. बघ, माझी तक्रार नाही. खऱ्या पत्त्यावर तेव्हापासून शांतता होती.

मग तो कोटाचा दिवस आला. तू एकटीने बेतलेला आणि शिवलेला पहिला कोट, आणि गिऱ्हाईक आरशासमोर उभं असताना मी म्हणाले की उजवी बाही ओढतेय. तू म्हणालीस, ओढत नाही. मी त्याच्या अंगावरून कोट काढून घेतला आणि त्याच्यादेखत बाही उसवली. तू कात्री टेबलावर ठेवलीस, आपटलीसुद्धा नाहीस. संध्याकाळी बॅग भरलीस. पुढे तुझे दोन फोन आले ते मी उचलले नाहीत, नंतर तुझा नंबर बदलला. मी इंटरनेटवरून नमुने घेणंच सोडलं. ते काम तुझं होतं, आणि तू नसताना ते करणं माझ्या जिवावर यायचं. खाकी कागदावर हातानेच आखत राहिले.

गेल्या मंगळवारी एक बाई जुन्या पद्धतीचा झगा हवा म्हणून आली. तसा नमुना माझ्याकडे नव्हता, म्हणून नाइलाजाने एका वेबसाइटवर नोंदणी केली आणि बटण दाबायला त्या पत्त्यात शिरले. चार हजारांवर जाहिराती साचल्या होत्या. त्यांच्यामध्ये तुझं नाव. तीन पत्रं मिळाली. नमुन्याच्या तुकड्यांवर आपण आकडे घालतो तसे तू पत्रांवर घातलेस, म्हणून कळलं की ही तिसरं, सहावं आणि नववं आहेत. बाकीची त्या यंत्राने जाहिराती समजून महिन्याभरात पुसून टाकली असणार, असं घड्याळवाल्याची सून म्हणाली. मी तिथेच बसून रडले. झगेवाली बाई बिचारी माप न देताच निघून गेली.

तिसऱ्यात तू खोलीबद्दल लिहिलंयस, भिंतीला ओल आहे आणि मशीन ठेवायला जागा नाही. सहाव्यात नाटक कंपनीच्या कपड्यांच्या खोलीत काम मिळालं त्याचा पत्ता आहे, त्याच पत्त्यावर हे पाठवते. मधे तुझं काय झालं ते मला माहीत नाही. नववं मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. कंपनी आपल्या गावावरून पुढे जाणार, शुक्रवारी अकराच्या बसने येऊन एक दिवस राहू का, असं तू विचारलंस. नको असेल तर काहीच लिहू नकोस, मी समजेन, असंही. त्या शुक्रवारी मी काय करत होते ते कामाच्या वहीत काढून बघितलं. दोन पँटी आखूड केल्या होत्या. मी मंगळवारीच तुला मेल केला, तर तुझा तो पत्ता बंद झाल्याचं परत आलं.

तुला वाटेल, आई विसरली, तिला काय कळतंय त्यातलं. मलाही तसंच लिहून सुटता आलं असतं. पण जाताना दारात तू विचारलंस की कुठल्या पत्त्यावर लिहू, आणि मी म्हणाले, त्या दुसऱ्या. तू जराशी थांबलीस, कारण ते पोतं तूच मला दिलं होतंस. मला नीट माहीत होतं मी काय म्हणतेय. तरी तू नऊ वेळा त्यात लिहिलंस. आणखी एक. त्या रात्री कोट पुन्हा मापून बघितला, बाहीत काही चूक नव्हती. तू लावली होतीस तशीच ती मी परत लावली, एक टाका इकडचा तिकडे केला नाही, आणि हे कुणाला सांगितलं नाही. म्हणून हे पत्र. उत्तर आहे, ये. येत्या शुक्रवारी अकराच्या बसला मी स्टँडवर असेन, तू नाही आलीस तर पुढच्याही शुक्रवारी. दुकानाची नवी पाटी रंगवायला दिली आहे, दर शुक्रवारी बंद.

तुझीच,
आई