नजर शेंड्यावर ठेवायची होती

मुरूम, सोमवार

आदरणीय महालिंगप्पा मामा,
तुमच्या रेवणसिद्धचे शरणु शरणार्थी. तुमचे पाय कसे आहेत? उंबऱ्याशी अजून चिकटतात का? दारात रांगोळीच्या आडव्या रेघा ओढा आणि एकेक रेघ ओलांडायची एवढंच मनात धरा. मेंदूच्या तळातल्या ज्या गाठी आपल्याला न विचारता पाऊल टाकतात, त्या तुमच्या कंपवातानं थकल्यात. रेघ दिसली की मेंदू दुसरी वाट धरतो. (फिजिओथेरपीचं कॉलेज दीड वर्षात सोडलं, पण एवढं शिकलो. गोळी चुकवू नका.)

जत्रेत यंदा देवाची काठी माझ्या कमरेला होती. पट्ट्यात बूड, वर पंचवीस हात बांबू, शेंड्याला झालर अन् घुंगरं. नजर शेंड्यावर ठेवायची, पायाकडं बघायचंच नाही. उन्हं कलली होती, हलगी लांबून आल्यासारखी वाटत होती, आणि मामा, माझे पाय माझे नव्हतेच! लहान मेंदू तोल राखत होता, मी नुसता ढगात. तेवढ्यात गच्चीवर बसवेशकाकांची शिवप्रिया दिसली. हलगीच्या ठेक्यावर तिचा पाय आपोआप पडत होता. वाटलं, तिच्या मेंदूत आत, पार खोल, कुणीतरी दिवा लावून बसलंय. मग मी माझ्या पायाचा विचार केला. (तिथंच चुकलं. आपोआप होणाऱ्या गोष्टीत डोकं घातलं की ती बिघडते.) काठी कलली. पोरांनी झेलली खरी, पण शेंड्याची झालर तिच्या वडिलांच्या फेट्यात अडकली अन् काठी उभी करताना फेटा वर गेला.

बसवेशकाका गरजले, "आधी चालायला शीक की रं!"
माझंही डोकं फिरलं. "काका, चालायचं शिकून इसरावं लागतं, तवाच चालता येतं!"
"म्हणून कॉलेज इसरलास व्हय?"
सगळी जत्रा हसली. शिवप्रिया हसली नाही. तेच मनाला लागलंय.

तुमचा,
रेवणसिद्ध

ता. क. बसवेशकाका तुमचे वर्गमित्र. फोन करून माझ्यासाठी शब्द टाका. तिला बघायला रविवारी लातूरचे पाहुणे येतायत.

ता. क. दुसरा, मंगळवार. थांबा, काकांना फोन नको. काल रात्री तिचाच आला होता. म्हणाली, "पाहुण्यांचं मी बघते, तू कॉलेजात परत जा." म्हणजे प्राचार्यांची माफी मागणं आलं. (त्यांच्या मेंदूत तोलाचा भाग आहे का, असं मी भर वर्गात विचारलं होतं.) तुम्ही हेडमास्तर होता, माफीपत्र तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. मी चारदा लिहायला बसलो. चारही वेळा मायना प्राचार्यांचा अन् मजकूर तिचा झाला; शेवटी ते शिवप्रियालाच पाठवावं लागलं.