नव्वद दिवस आणि डावी करंगळी

३ एप्रिल
वहीबाई, माफ कर. महिनाभर तुला हात लावला नाही. भीतीच तशी होती. परदेशात मुलाकडे राहायचं तर हेल्थ इन्शुरन्स हवा. फॉर्मवर प्रश्न होता, जुना आजार कुठला? मी मुलाला सांगितलं, सगळीकडे 'नाही' लिही. शुभ कामात रोगांची नावं घेऊ नयेत. शुगर आहे अकरा वर्षं, पण मुलाला ठाऊक नाही. बायकोला शपथ घातली आहे. ही म्हणाली, फॉर्मवर नाही म्हटलं की रक्तातली साखर उडून जाते होय?
बागेतले पेन्शनर म्हणतात, कंपनी पहिले नव्वद दिवस डोळ्यांत तेल घालून बघते. पकडलं की पॉलिसी रद्द, म्हातारा घरी रवाना. एकोणतीस मेला नव्वद भरतात. तोवर आजारी पडायचं नाही. ठरलं.

११ एप्रिल
सूनबाईने बूट आणले. घट्ट आहेत. बोललो नाही, तिला वाटेल म्हाताऱ्याला कौतुकच नाही. डाव्या पायाच्या करंगळीला फोड आला. दुखत मुळीच नाही. प्रकृती उत्तम असल्याची खूण.

१९ एप्रिल
फोड फुटला. चिकटपट्टी लावली. डेपोत तीस वर्षं एसटीची पंक्चरं काढली, करंगळी ती काय!
मुलगा म्हणाला, बाबा, पॉलिसीत चेकअप आहे, शनिवारी जाऊ. सापळा ओळखला. म्हटलं, गाडी चालतेय तोवर बॉनेट उघडू नये. तो हिच्याकडे बघत राहिला. ही भांडी विसळत राहिली. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणतात. हिच्या राहतं.

२ मे, सकाळी
गावाहून आणलेल्या गोळ्या संपत आल्या. इथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. चिठ्ठी म्हणजे डॉक्टर, डॉक्टर म्हणजे पितळ उघडं. आजपासून गोळी अर्धी. जेवणही अर्धं.

दुपारी
जेवण उद्यापासून.

१० मे
करंगळी काळी पडली. म्हणजे सुकतेय. नात म्हणाली, आजोबांच्या खोलीत उंदीर मेलाय. सूनबाईने पलंग ओढला, कपाट सरकवलं. मीही वाकून शोधू लागलो. सापडला नाही.

१७ मे
आता घरातही मोजे. स्वतः धुतो. सूनबाई हिला म्हणाली, बाबा किती बदलले! पावलावर लाल रेघ चढली आहे. थंडी वाजते. मुलाने विचारलं, बाबा, काही लपवत नाही ना? हसलो. बारा दिवस राहिले.

२१ मे
ताप. ब्रेक गेलेली गाडी मी घाटातून खाली आणली आहे. आठ दिवस काढेन.

२३ मे, हॉस्पिटल
बाथरूममध्ये पडलो. मुलाने कात्रीने मोजा कापला. ही भिंत धरून खाली बसली.
डॉक्टरने विचारलं, शुगर आहे? मी म्हटलं, नाही. मुलगा म्हणाला, अकरा वर्षं.
फॉर्म पाठवायच्या आधीच हिने त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने खरं तेच लिहिलं. पहिल्या दिवसापासून माझी शुगर पॉलिसीत आहे. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाला, तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुम्ही का नाही सांगितलंत? म्हटलं, तुला त्रास झाला असता.
ही म्हणाली, बापलेक एकाच मातीचे.
आता ऑपरेशनला कंपनीची मंजुरी हवी. कंपनीच्या बाई फोनवर विचारतात, जखम कधीची, पॉलिसीच्या आधीची की नंतरची? माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. हिने चष्म्याबरोबर ही वहीही आणली होती. मीच मुलाच्या हातात दिली. उंदराच्या पानावर तो थांबला. हसला की रडला, कळलं नाही. मग पानांचे फोटो काढून पाठवले. हे पानही पाठवणार आहे.
कंपनीच्या बाई, वाचत असाल तर सगळं खरं आहे. 'सुकतेय' तेवढं खोडा. डॉक्टर म्हणतात, उद्या सकाळपर्यंत ऑपरेशन झालं तर करंगळीवर भागेल. नंतर पाऊल जाईल. तेवढं लवकर कळवा.