मागे राहिले त्यांनाही मुलं होती

बाई, तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली, आणि तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे तेव्हाही फारसं नसायचं. पण गेल्या शनिवारी मुलीला घेऊन लायडनला गेलो होतो, तेव्हापासून एका जागी बसवत नाही. चहा करतो आणि प्यायचा विसरतो. जेवण झालं की सायकल काढतो, शेतांपर्यंत जातो आणि तसाच परत येतो. बायको विचारते, "काय झालंय?" मी म्हणतो, काही नाही.

नववीतला तुमचा इतिहासाचा तास आठवतो. इंग्लंडमध्ये आपल्या पद्धतीने प्रार्थना करू देईनात म्हणून काही माणसं हॉलंडला पळून आली, लायडनच्या कापडधंद्यात दहा-बारा वर्षं राबली, आणि मग त्यांतली काही जहाजाने अमेरिकेला जाऊन वसली. "हॉलंडात त्यांना कुणी छळत नव्हतं. मग का गेले?" तुम्ही विचारता. मी हात वर करतो, जो मी सहसा करत नसे. "मुलं डच व्हायला लागली होती, बाई. मुलांसाठी गेले." तुम्ही चष्म्यावरून बघता. "बरोबर. पण निम्म्याहून जास्त माणसं लायडनलाच राहिली. त्यांना काय मुलं नव्हती?" वर्ग हसतो. "उभा राहा सुचेपर्यंत." तास संपला तरी मला सुचलं नाही. मधल्या सुट्टीत बोलावून तुम्ही डब्यातली गूळपोळी माझ्या हातावर ठेवलीत. "राग आला का रे? अरे, कारण विचारलं की माणूस बरं दिसेल तेच सांगतो. तू एवढ्यात तसा होऊ नकोस."

आता मी हॉलंडातच, फेल्डहोवनला असतो, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत. मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. यंदा गणपतीत आरतीला ती नुसते ओठ हलवत होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मित्राने ते पाहून माझ्याकडे पाहिलं. त्यातच पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं. मी घरात सांगून टाकलं, मुलीसाठी परत जाऊ. आणि नियम केला की जेवताना फक्त मराठी. तेव्हापासून ती जेवताना बोलेनाशी झाली. वरण हवं असलं की बोट दाखवायची. आधी शाळेतलं सगळं सांगायची. अर्धं मला कळायचं नाही, पण सांगायची.

लायडनला एका जुन्या चर्चच्या भिंतीवर त्या लोकांची आठवण सांगणारी पाटी आहे. तिच्यासमोर उभं करून मी तिला ती गोष्ट सांगितली. कशासाठी, ते तुम्ही ओळखलंच असेल. तिने नीट ऐकून घेतलं आणि किती तरी दिवसांनी आपण होऊन मराठीत विचारलं, "मग ती मुलं इंग्लिश राहिली?"

"नाही. अमेरिकन झाली."

"मग एवढ्या लांब कशाला गेले? चल ना बाबा, पटाट घेऊ." समोरच्या गाडीवर बटाटे तळत होते.

खाता खाता मी म्हणालो, "पुण्याला आजी-आजोबा आहेत आपले."

"ते तुझे आई-बाबा," ती बोटावरचं मेयोनीज चाटत म्हणाली. "माझे आई-बाबा इथेच आहेत." तिला काही लागेल असं बोलायचं नव्हतं. पुढचा पटाट तिने मलाच दिला.

येताना ट्रेनमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. मी युट्रेख्टपर्यंत बाहेर बघत राहिलो. परवा मी तो नियम काढून टाकला. लगेच तिने शाळेतल्या कुणाचं तरी काहीतरी डचमध्ये सांगायला घेतलं, थांबेचना. बायको हसली, "चला, सुरू झालं रेडिओ स्टेशन." मी उठून खिडकीशी गेलो. पुण्याच्या कंपनीला अजून काहीच कळवलेलं नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, घरात कुणाच्या हाती लागायच्या आत फाडून टाकेन. बाई, मुलगी इथे मजेत आहे. मलाच इथे करमत नाही. इतक्या वर्षांत एकदाही करमलेलं नाही, आणि हे मी घरात अजून कुणालाच सांगितलेलं नाही.