उघडल्यावर बघू

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच समज. खरोखर वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतील.) तुझा दमा कसा आहे? भावोजी कानातलं यंत्र लावतात का, की ऐकू येऊनही न ऐकल्यासारखंच करतात? तुझ्या तीन मजल्यांच्या जिन्यापायी वर्षभर तोंड पाहिलं नाही तुझं.

तर माझा खुबा बदलायचा ठरलाय. काल मोठ्या डॉक्टरांकडे गेलो आणि तिथून जो हादरून आलोय, तो अजून सावरलो नाही. मला वाटलं, ते सांगतील आणि मी मान डोलवीन. तर त्यांनी मलाच विचारलं, नव्या खुब्याकडून तुमच्या अपेक्षा काय? अगं, जन्मभर सुतारकाम केलं, हा प्रश्न मी गिऱ्हाइकाला विचारायचा. (गिऱ्हाईक म्हणायचं, कपाट भिंतभर हवं, पण खोली मोकळी दिसली पाहिजे.) मी सांगितलं, उकिडवं बसून रंधा मारता यावा, शिडी चढता यावी, थंडीत ठणकू नये, आणि हे सगळं महिनाभरात. डॉक्टर माझ्याकडे अगदी तसे बघत राहिले, जसा मी त्या भिंतभर कपाटवाल्याकडे बघायचो. उकिडवं बसणं विसरा म्हणाले. शिडीही.

मग हत्यारांची चौकशी केली. करवत, हातोडा, कानस. ताई, माझ्याच पेटीतलं सामान, फक्त चकचकीत. सांधा नुसता ठोकून बसवणार की सिमेंट लावणार, विचारलं, तर म्हणाले, हाड कसं आहे ते उघडल्यावर बघू. वाळवी लागलेल्या चौकटींपुढे उभं राहून हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आलोय, आणि ते कधी म्हणतात हे मला पक्कं ठाऊक आहे (आपल्यालाही काही कळलेलं नसतं तेव्हा). आणि एक पाय किंचित लांब झाला तर? तर म्हणे चपलेत पातळ पट्टी घालू. डुगडुगत्या टेबलाखाली मीही पुठ्ठाच सारत आलोय.

त्यावर कडी म्हणजे, भूल कमरेखालची हवी की पूर्ण झोपवायचं, तेही मीच सांगायचं. मी म्हटलं, जागा राहणार, काम डोळ्यांसमोर झालं पाहिजे. तर म्हणाले, मध्ये पडदा असतो, दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. म्हणजे करवत तिरकी चाललेली कानांना कळणार आणि मी गप्प पडून राहायचं. तेवढ्यात ही म्हणाली, "यांना पूर्ण झोपवा हो. यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी." डॉक्टर हसले. माझ्या मांडीत करवत घालणारा माणूस हसतो, हे मला काही बरं वाटलं नाही. मी जागाच राहणार, यात बदल नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. – हिनं पत्र वाचलं आणि म्हणते, खरं ते लिहा. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, एकच गोष्ट मिळणार असेल तर काय हवं? मी म्हटलं, ताईचा जिना. ते म्हणाले, जमेल.

आणखी एक ता. क. – पूर्ण झोपवायला मी होकार दिलाय. ऑपरेशनच्या दिवशी तू मात्र दाराबाहेर येऊन बस. बाबांच्या सुतारकामाच्या खोलीत वाढलीस, ठोका नीट बसतोय की नाही ते तुला कळतं. पोकळ आवाज आला तर सरळ दार वाजव. (बाहेर काही ऐकू येत नाही, असं ही म्हणते. तरी बस.)