ब्राह्मीची बाटली

गुरुवार, संध्याकाळ

इराच्या एडीएचडीवर तिसरं औषध अखेर लागू पडलं. पहिल्यानं तिची भूक गेली, दुसऱ्यानं नुसती रडायची. आता सकाळी एक गोळी घेतली की वर्गात टिकून बसते, डबाही संपवते. वर्षभर क्लिनिकचे खेटे घातले ते यासाठीच ना? मग पुण्याहून सासूबाई इथं परदेशी आमच्याकडे येणार म्हटल्यावर गोळ्या ब्राह्मीच्या बाटलीत का भरल्या मी?

आज त्या फोनवर नणंदेला सांगत होत्या, "ब्राह्मीनं पोर कशी ताळ्यावर आली बघ!" आणि मी मान डोलावली. इरा समोरच गृहपाठ करत होती. हिरव्या झाकणाची ती बाटली टेबलावर, इराच्या नि माझ्या मधे.

नंतर खोलीत तिला जवळ घेतलं. आजीशी खोटं बोलले, चुकलं माझं, असं सांगणार होते. पण तीच माझी पाठ थोपटत, इथल्या शाळेतल्या मुलांसारखा 'लाह' जोडत म्हणाली, "डोन्ट वरी लाह, आई. मी पण स्कूलमध्ये कुणी गोळीचं विचारलं की सांगते, टमीचं मेडिसिन आहे."

आठ वर्षांची आहे. किती सहज म्हणाली.

बाटली अजून टेबलावरच आहे.