रेवणअण्णाला पाठवलेली क्षमा

सोलापूर,
शुक्रवार, ता. ११ जुलै १९३०

तीर्थरूप रेवणअण्णा यांस,

धाकटी बहीण दाक्षायणी हिचा नमस्कार. आमच्या ख्रिस्ती मंडळीत सलाम लिहितात, आपल्या घरात शरणार्थ म्हणतात; दोन्हींपैकी काहीही लिहिलं तरी तू नाक मुरडणार, म्हणून नमस्कारावर भागवते. शिवबाईवहिनींचा गुडघा कसा आहे? वळसंगला पाऊस झाला का? इथे नुसतं आभाळ येतं आणि जातं.

मार्शल लॉ उठला. शहर शांत झालं म्हणतात. गिरण्यांचे भोंगे वेळेवर वाजतात, पण बाजारात दोघं बोलत असताना तिसरा आला की अजून गप्प होतात. आमच्या चर्चमध्ये मे महिन्यापासून दर शुक्रवारी शहराच्या शांतीसाठी प्रार्थना होते आणि बायकांची प्रार्थना मी चालवते. सकाळी मिशनचा बालवर्ग, दुपारी घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, आणि वर हे. मी अगदी विटून गेले आहे.

तुझं कार्ड पोचलं. पोस्टमनने आधी स्वतः वाचलं आणि मग दिलं. पण तक्रार कोणत्या तोंडाने करू? उघड्या कार्डावर लिहायची सुरुवात मीच केली.

ते का लिहिलं ते सांगते. आमच्यात प्रभुभोजनाच्या आधीच्या शुक्रवारी तयारीची सभा असते. पाळकसाहेब विचारतात, कोणाचं कोणाशी वैर आहे का. असेल तर आधी समेट करायचा, मगच रविवारी भाकरीला हात लावायचा. एप्रिलच्या सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, माझं सख्ख्या भावाशी वैर आहे, पण मी त्याला क्षमा करते. पाळकसाहेब म्हणाले, मग त्याला तसं कळवा. मी त्याच दिवशी कार्ड टाकलं, की ख्रिस्ताच्या नावाने मी तुला सगळी क्षमा केली आहे. बायकांनी माझे हात धरले. माझ्या शेजारी बसणारी सावित्रम्मा, साळ्यांच्या घरची, ती तर रडलीच.

ते कार्ड तुझ्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर वाचलं गेलं आणि तू त्या दिवशी जेवला नाहीस, हे मला आपल्या गाडीवान मायाप्पाने बाजारात गाठून सांगितलं. मग तुझं उत्तर आलं, दोन ओळींचं. पहिली ओळ, 'क्षमा कोणी मागितली होती?' दुसरी इथे लिहीत नाही.

मला इतका राग आला की आठ दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. बालवर्गातल्या पोरांवर उगीच ओरडले. आपण मोठ्या मनाने क्षमा करावी आणि समोरच्याने ती उष्ट्या पत्रावळीसारखी बाहेर फेकावी, म्हणजे काय?

आणि शुक्रवार तर सुटत नाही. मी म्हणते, देवा, गिरणीमालकांची मनं मऊ कर, मजुरांची कर, पोलिसांची कर. मग बायका आपापली भर घालतात. गेल्या शुक्रवारी सावित्रम्मा डोळे मिटून म्हणाली, "देवा, ज्या भावानं बाईंला मरत्या आईचं तोंड बघू दिलं न्हाई, त्याचंबी काळीज मऊ कर." सगळ्या आमेन म्हणाल्या. माझ्या तोंडून ते निघेना. मी खोकल्याचं सोंग केलं.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नाही. तुझी दुसरी ओळ होती, 'गाडी रिकामी का परत आली, ते तुझ्या लोकांना सांगितलंस का?'

नाही सांगितलं. गळ्यात पुन्हा लिंग घालून आलीस तरच घरात पाऊल, अशी अट तू घातलीस, असं मी सांगितलं. तू कसलीच अट घातली नव्हतीस. पण 'का गेला नाहीत?' असं बायकांनी विचारलं तेव्हा ही अट माझ्या तोंडात आयती आली, आणि त्यांना ती पटली. माझ्या विश्वासाचं कौतुक झालं. दोन वर्षं मी त्या कौतुकावर जगते आहे.

दोन वर्षांपूर्वी आई शेवटच्या दुखण्यात होती, त्या सकाळी मायाप्पा दारात गाडी सोडून म्हणाला, "अण्णा म्हनले, मनात काय बी न धरता ये म्हनावं. अव्वा सारकं तुमचंच नाव घेत्यात."

मी विचारलं, अण्णा स्वतः का नाही आला?

"अव्वाला उचलून बसवायला दुसरं कोन हाय तितं? अण्णाच की."

हे मी नीट ऐकलं. तरी म्हणाले, त्याला सांग, स्वतः न्यायला ये. कारण मी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी माझं बोचकं तू आपल्या हाताने रस्त्यावर ठेवलं होतंस, कोणा गड्याकडून नव्हे. मग न्यायलाही तूच यावंस, याची मी दहा वर्षं वाट पाहत होते. मायाप्पा दुपारपर्यंत लिंबाखाली बसून राहिला. बैलांना पाणी पाजलं आणि पुन्हा विचारायला आला. मी दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी अव्वा गेली.

आज संध्याकाळी पुन्हा तयारीची सभा आहे. हे पाकीट आधी पेटीत टाकणार आणि मग सभेत उभी राहून सगळं सांगणार; उलट केलं तर माझा धीर टिकणार नाही. बालवर्ग कदाचित जाईल. सावित्रम्मा शेजारी बसणार नाही. पाळकसाहेब म्हणतील, देव क्षमा करील. करील तो. पण गाडी त्याने पाठवली नव्हती, तू पाठवली होतीस.

बोचक्याचा राग अजून आहे, खोटं कशाला सांगू. तो निघावा म्हणून रोज मागते, निघत नाही. पण गाडी परत पाठवली ती मी, आणि तुझ्या नावावर खोटं रचलं तेही मी. त्याची मला क्षमा कर. लगेच नाही जमली तरी चालेल.

एक मात्र कळव. गाडी रिकामी आलेली कळल्यावर अव्वाने माझं नाव घेणं थांबवलं, की शेवटपर्यंत घेत होती?

तिने बोलावूनही न आलेली,
तुझी बहीण
दाक्षायणी