रिकामी किटली

आप्पा, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा कागद घेऊन बसलोय. अक्षर तसंच आहे, कोंबडीनं उकरल्यासारखं.

पहिल्या झटक्यानंतर दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनी तुम्हाला रोज अर्धा तास चालायला सांगितलं, तेव्हा तुम्हाला हसूच आलं होतं. जन्म उसात राबण्यात गेलेला. "नुसतंच चालायचं? लोकं येडा म्हणतील मला!" मग आपल्या राहू गावच्या नदीकडच्या रस्त्यानं तुम्ही निघायचात, ते हातात दुधाची रिकामी किटली घेऊन. कुणी विचारलं तर, "डेरीला." डेरी उलट्या बाजूला. सगळं गाव गालातल्या गालात हसायचं.

आणि चालता चालता मला फोन. मी तेव्हा शिक्रापुरात, भाड्याच्या खोलीवर. एक कंपनी सोडलेली, दुसरी सोडायच्या बेतात. तिथल्या चौकातला चहा काय असायचा, आलं समोर ठेचून टाकायचा तो... असो. "काय खाल्लं?" "पोहे." "आन्?" "आन् काय, पोहेच." तुमची धाप ऐकू येते, मागं किटलीची कडी खुळखुळते. "बोल की कायतरी." घरात मीठसुद्धा हातानं खुणावून मागणारा माणूस रोज सकाळी असा मागं लागलेला. मला वाटायचं, पोरगं कामाला जातं का न्हाई ते बघताय. "आप्पा, कामात हाय," म्हणून मी कट करायचो. पुढं पुढं तर उचलायचोच नाही.

मग फोन थांबले. मला सुटल्यासारखं झालं. तुमचं चालणंही थांबलंय हे मी कुणाला विचारलं नाही. दिवाळीच्या आत दुसरा झटका आला.

दहाव्याला आईनं मॅडमचा कागद माझ्यापुढं धरला. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना दम लागला तर हळू चाला. सोबत कुणीतरी असावं. आई म्हणाली, "म्या म्हणलं, मी येते. तर म्हणले, तुझं गुडघं दुखत्यात. पोरगं हाय की फोनवर."

किटली अजून खुंटीला आहे. हा कागद घडी करून तिच्यातच टाकतो, दुसरीकडं कुठं पाठवू?

एक राहिलं. आप्पा, मी कामात नसायचो. चौकात चहा पीत बसलेलो असायचो.